प्रतिरूपाचा पाठ आणि त्याची चिकित्सा

यवतमाळ जिल्ह्याच्या बाभूळगाव तालुक्यातील पाचखेड येथे नागपूर विद्यापीठाने 2023-24 मध्ये उत्खनन केले आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची लोहयुगीन वस्ती उजेडात आणली. विदर्भाच्या इतिहासास या शोधाचे महत्त्व उघड आहे. तथापि अशा प्रत्येक उत्खननातून पद्धतीविषयीचा एक प्रश्न उभा राहतो. वरचा थर काढल्यावाचून खालचा दिसत नाही, आणि काढलेला थर पुन्हा जागी बसविता येत नाही. पोथीचे पान वाचावे आणि लगेच फाडून टाकावे, तसा हा व्यवहार होय. मागे उरते ती केवळ नोंद. म्हणून नोंदीच्या साधनाची चिकित्सा ही गौण बाब नव्हे.

वस्तूची चहूबाजूंनी, परस्परांवर बऱ्याच अंशी चढणारी छायाचित्रे घेऊन संगणकावर तिचे त्रिमितीय प्रतिरूप सिद्ध करण्याची पद्धती, म्हणजे फोटोग्रॅमेट्री, आज या नोंदीसाठी जगभर रूढ झाली आहे. तिचे मूळ जुने आहे. 1858 मध्ये व्हेट्सलार येथील कॅथीड्रलचे मोजमाप घेताना आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर हा जर्मन वास्तुविद उंचावरून पडता पडता वाचला, आणि इमारतीऐवजी तिची छायाचित्रेच मोजावीत, ही कल्पना त्याला सुचली. दोन चित्रांतील एकाच बिंदूकडे जाणाऱ्या दृष्टिरेषा जेथे छेदतात तेथे तो बिंदू असतो, हे तत्त्व आजही कायम आहे. मात्र समान बिंदू ओळखण्याचे काम आता संगणक करतो, आणि असे लक्षावधी बिंदू मांडतो.

या विपुलतेमुळे प्रतिरूप म्हणजे साक्षात वस्तूच, असा समज बळावत आहे. तो तपासून पाहावयास हवा. केवळ छायाचित्रांतून आकार मिळतो, आकारमान मिळत नाही. त्यासाठी चित्रात मोजपट्टी ठेवावी लागते. चकचकीत मणी, झिलईदार भांडे अशा पृष्ठभागांवर समान बिंदू नीट सापडत नाहीत. जेथे ते सापडत नाहीत तेथे संगणक आजूबाजूचा पृष्ठभाग ताणून पोकळी झाकू शकतो, आणि पाहणाऱ्यास हा जोड कळत नाही. पाठचिकित्सेच्या भाषेत यास प्रक्षेप म्हणावे लागेल. शिवाय कुजलेल्या खांबाची खूण ही पुष्कळदा मातीच्या रंगातील किंचित फरक एवढीच असते. तो फरक चित्रात उतरला, तरी तेथे खांब होता हा निर्णय खोदणाऱ्याचाच असतो.

बामियानचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. मार्च 2001 मध्ये तेथील बुद्धमूर्ती उद्ध्वस्त झाल्यानंतर झुरिच येथील आर्मिन ग्रून व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या छायाचित्रांवरून मोठ्या मूर्तीचे प्रतिरूप तयार केले. संगणकाने आपोआप केलेल्या मापनातून मूर्तीचा स्थूल आकार लाभला, पण वस्त्राच्या चुण्या बुजून गेल्या. रॉबर्ट कोस्त्का यांनी 1970 मध्ये मापनासाठीच घेतलेल्या छायाचित्रांवर माणसांनी एकेक रेषा मोजली, तेव्हा त्या चुण्या परत मिळाल्या. छायाचित्रे जपलेली होती, म्हणूनच पहिला पाठ सुधारता आला.

प्रतिरूप ही वस्तू नव्हे, तर वस्तूचा संपादित पाठ होय, हे मान्य केले की संपादकाची जबाबदारीही मान्य करावी लागते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत अनिश्चित पाठाखाली नागमोडी रेषा दिलेली आढळते. प्रतिरूपातही संगणकाने भरलेला भाग निराळा दाखविणे, मूळ छायाचित्रे व मोजपट्टीची नोंद जपणे, आणि खोदणाऱ्याची हस्तलिखित टिपणे सोबत ठेवणे ही किमान अट मानली पाहिजे. या पद्धतीचा गुण निःसंशय मोठा आहे: उत्खननाच्या वेळी हजर नसलेल्या अभ्यासकासही तीमुळे पुन्हा मोजता येते. परंतु ज्याला मोजावयाचे आहे त्याला साक्ष कोठे संपते आणि अनुमान कोठे सुरू होते, हे आधी कळावयास हवे. खोदलेली माती काही त्याला ते सांगण्यास उरलेली नसते.