चाळ कुणाचे सुटतात?

रातपाळी करून देवळीला घरी आलो, तर माय मोबाइलवर 'सांगत्ये ऐका' पाहत बसलेली. 'हे तं जयश्री गडकर हाये ना बाप्पा!' तिचा चेहरा फुलला. माझाही फुलला. हे आधी कबूल करतो, मग भांडतो.

जयश्री गडकर फुकटात मोठी झाली नाही. १९५५ च्या 'झनक झनक पायल बाजे'त ती समूहनृत्यातली एक पोरगी होती. घोळक्यातून पुढं यायला काय लागतं, ते साच्यावर उभं राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. १९५९ ला अनंत मान्यांनी तिला फडावर उभं केलं, अन् पुण्यात विजयानंदला सिनेमा अडीच वर्षं हलला नाही. पाय, मान, डोळा, कशात म्हणून ती कमी नाही.

तरी दोस्तहो, खटकतं. ही लावणी आली कुठून? महार, मांग, कोल्हाट्यांच्या फडातून. पवळाच्या, विठाबाईच्या पायातून. पडद्यावरची तमासगिरीण १९८७ ला टीव्हीच्या 'रामायणा'त कौसल्या झाली. लोकांनी हात जोडले. तिचे चाळ शूटिंग संपलं की सुटत होते. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या घरातल्या विठाबाईला ही सोय होती काय? तिचे चाळ सुटले तरी जात सुटत नव्हती. २००२ ला ती हलाखीत गेली. मग सरकारनं तिच्या नावाचा पुरस्कार काढला!

जयश्रीबाईंशी माझं वैर नाही. टाळ्या पिटून घरी जाणाऱ्या, अन् जाताना फडातल्या बाईला नावं ठेवणाऱ्या प्रेक्षकाशी आहे.

हे मायला सांगू लागलो, तर ती म्हणाली, 'थांब ना बापू, गाणं येऊन राह्यलं.'

बसलो.