माता-बाल संरक्षण कार्ड : एक वाचन

गर्भवतीची नोंदणी झाली की तिच्या हाती माता-बाल संरक्षण कार्ड पडते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लसी, धोक्याची लक्षणे आणि पुढे बाळाच्या वजनाचा आलेख, असे सारे त्यात असते. खेड्यातल्या इतक्या घरांत पोचणारे विज्ञानाचे दुसरे छापील पान क्वचितच असेल. म्हणून एखाद्या पाठ्यपुस्तकाचे करावे तसे त्याचे परीक्षण करावे, असे आम्हाला वाटले.

कार्डाचे गुण आधी सांगू. चित्रे सोपी आहेत. सर्व नोंदी एका ठिकाणी असल्याने अनोळखी डॉक्टरलाही बाईची प्रकृती चटकन कळते. मुलगा व मुलगी यांच्या वाढीचे आलेख वेगळे आहेत, आणि ते शास्त्रशुद्ध आहेत.

आता उणिवा. पहिली, बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेला एकच रकाना आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवून ही तारीख काढतात. पाळी १ जानेवारीला आली असेल, तर तारीख येते ८ ऑक्टोबर. पण नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळे शेकडा पाचाच्या आसपासच! पूर्ण दिवसांचे बाळ १७ सप्टेंबरपासून पुढे केव्हाही येऊ शकते. रकान्यात एकच तारीख दिसली की घरचे निर्धास्त राहतात. छत्तिसावा आठवडा भरला, म्हणजे या उदाहरणात १० सप्टेंबर उजाडला, की पिशवी भरलेली हवी. तिच्यात कार्ड, तपासण्यांचे कागद, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, बाईचे कपडे आणि बाळासाठी धुतलेली मऊ सुती दुपटी असावीत.

दुसरी उणीव, लक्षणे दिली आहेत, कारणे नाहीत. डोके फार दुखणे आणि डोळ्यांपुढे अंधारी येणे म्हणजे वाढलेल्या रक्तदाबाची खूण. पुढची पायरी झटके येण्याची असू शकते. हे कळले तर ‘उन्हाने होत असेल’ म्हणून कोणी थांबणार नाही. कारणाशिवायची सूचना संकटात आठवत नाही, हा आपणा शिक्षकांचा रोजचाच अनुभव.

तिसरी उणीव आपल्या चालीरीतींतून येते. पहिले बाळंतपण माहेरी होते, पण कार्ड भरले जाते सासरच्या गावी. समजा, सासर दुसऱ्या जिल्ह्यात आणि माहेर चाकूर तालुक्यात आहे. मग जवळचे रुग्णालय, वाहन, रक्त देणारा माणूस, सारेच बदलते. चाकूरहून लातूर सुमारे ३५ किलोमीटर. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव झाला, तर उपचाराविना दोन तासांतही बाई दगावू शकते. तेव्हा ‘कुठे न्यायचे’ ही चर्चा त्या रात्री सुरू करून कसे चालेल? थॅडियस आणि मेन यांनी १९९४ साली तीन विलंब दाखवले : निर्णयाचा, पोचण्याचा आणि उपचाराचा. पहिले दोन घरच्या तयारीने बरेच कमी होतात. माहेरी पोचताच तिथल्या आशाताईंना कार्ड दाखवावे आणि १०२ व १०८ हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावेत.

खर्चाच्या भीतीनेही उशीर होतो. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, जेवण आणि जाण्यायेण्याचे वाहन मोफत आहे. नीट बाळंतपण झाले तरी ४८ तास तिथेच राहावे, कारण रक्तस्रावाचा सर्वाधिक धोका पहिल्या दिवशीच असतो. बाळाला मध न चाटवता तासाभरात आईचे दूध द्यावे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे दिसते. ही प्रगती मोठी आहे. पण आकडा जागा मोजतो, बाई तिथे वेळेवर पोचली का, हे मोजत नाही.

कार्डात सारे मावणार नाही, हे मान्य. उरलेले काम वर्गात होऊ शकते. नववी-दहावीच्या मुलामुलींना एक कोरे कार्ड दाखवा, तारखेचा हिशेब करू द्या, प्रत्येक लक्षणामागचे कारण शोधू द्या. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी आजच एखादी बहीण बाळंतपणाला आलेली असेल.