यिर्मयाचे पत्र : संदर्भ आणि बोध

इब्री संदेष्ट्यांच्या ग्रंथांतून आध्यात्मिक बोध घेण्याची प्रथा आपल्या मंडळ्यांत जुनी आहे व ती योग्यच आहे. तथापि बोध घेण्याची आपली रीत मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे वचन हे याचे ठळक उदाहरण होय. देवाचे संकल्प हिताचे आहेत आणि तो आशादायक भवितव्य देणार आहे, हे त्या वचनाचे सार. परीक्षेला बसणारा विद्यार्थी, नोकरीच्या शोधातील तरुण, नवविवाहित दांपत्य, सर्वांना आपण हेच वचन देतो. भिंतीवरच्या कॅलेंडरांतही ते आढळते. प्रस्तुत लेखकानेही ते अनेकदा असेच वापरले आहे. म्हणून पुढील टीका प्रथम स्वतःवरच आहे.

हे वचन एका पत्रातील आहे, आणि पत्र वाचताना ते कोणी कोणास लिहिले हे आधी विचारावे लागते. इ. स. पूर्व ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने यखन्या राजाबरोबर यरुशलेमातील अनेकांना बाबेलास नेले. त्यांत दरबारी होते, तसेच कारागीर व लोहारही होते (२९:२, २ राजे २४:१४). हातात कसब असलेली माणसे विजेत्याला हवी होती. अशा लोकांना यिर्मया यरुशलेमाहून लिहितो : घरे बांधा, मळे लावा, लग्ने करा, मुलांचीही लग्ने लावा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. सुटका होईल, पण सत्तर वर्षांनी. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती स्वतःच्या डोळ्यांनी दिसणार नव्हती. आशेचे वचन येते ते या कठोर वाक्यानंतर लगेच. आपण मात्र दहावे वचन गाळून अकरावे वाचतो.

अगोदरचा अध्याय वाचल्यास हे गाळणे किती गंभीर आहे ते ध्यानात येते. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमक्ष सांगतो की दोन वर्षांत सर्व काही परत येईल. आणि यिर्मयाच्या मानेवरील जू काढून मोडतो. यिर्मयाचे पहिले उत्तर ‘आमेन’ असे आहे. तसे होवो, असे त्यालाही मनापासून वाटत होते. परंतु इच्छा आणि देवाचे वचन यांतील भेद त्याने पुसला नाही. हनन्याच्या ओठांवर परक्या देवाचे नाव नव्हते. तो परमेश्वराच्याच नावाने बोलत होता, आणि श्रोत्यांना जे हवे तेच बोलत होता. अकरावे वचन त्याच्या संदर्भातून सुटे करून आपण वाटतो, तेव्हा शब्द यिर्मयाचे असतात, पण संदेश हनन्याचा होऊन जातो.

भाषेचाही एक प्रश्न येथे आहे. वचनातील ‘तुम्ही’ मूळ इब्रीत अनेकवचनी आहे. मराठीत वडीलधाऱ्या एका व्यक्तीलाही आपण ‘तुम्ही’ म्हणतो. त्यामुळे श्रोत्याला हे वचन आदराने फक्त आपल्यालाच सांगितले आहे असे सहज वाटते. वस्तुतः आपल्या मराठी शास्त्रात एकट्या माणसाला सहसा ‘तू’ असे म्हटले आहे. तेव्हा तेथील ‘तुम्ही’ म्हणजे समुदाय. प्रवचनात एवढे एक वाक्य सांगितले तरी वचनाचा अर्थ पालटतो.

दुसरा शब्द ‘शालोम’. सातव्या वचनात तो तीनदा येतो : नगराचा शालोम पाहा, कारण त्याच्या शालोमात तुमचा शालोम आहे. अकराव्यात देवाचे संकल्प शालोमाचे आहेत असे म्हणताना तोच शब्द पुन्हा येतो. याचा अर्थ उघड आहे. आपल्याविषयीचा देवाचा हितसंकल्प शेजाऱ्याच्या, किंबहुना परक्या नगराच्या हितापासून वेगळा करता येत नाही.

हा बोध सुरतेच्या दक्षिणेस असलेल्या सचिन गावी नेऊन पाहावा. १७९१ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील वारसाला पेशव्यांशी झालेल्या कराराने कोकणातील हक्काच्या बदल्यात मिळालेले हे संस्थान. म्हणजे त्याचा आरंभच एका स्थलांतराने झाला. आज तेथे मोठी औद्योगिक वसाहत आहे. कापड विणण्याच्या व रंगवण्याच्या कामासाठी सुरत परिसरात खानदेशातून, ओडिशातून, उत्तर प्रदेशातून व बिहारमधून माणसे आली. ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे या वसाहतीत एका टँकरमधील रसायन नाल्यात सोडले जात असता विषारी वायू पसरला; सहा कामगार मृत्यू पावले आणि वीसहून अधिक अत्यवस्थ झाले. नाल्याजवळ असलेल्यांना वायूने गाठले. कोण कोणत्या प्रांताचा, कोणत्या धर्माचा, हे त्याने विचारले नाही. नगराच्या शालोमात आपला शालोम आहे याचे यापेक्षा कठोर भाष्य कोणते असू शकेल?

अशा वसाहतीत मराठी श्रोत्यांपुढे उभा राहणारा उपदेशक केवळ ‘तुमचे भले होईल’ एवढेच सांगेल काय? त्या नाल्यासाठी, शेजारच्या खोलीतील ओडिया कामगारासाठी मंडळी प्रार्थना करते काय, हेही त्याने विचारले पाहिजे.

येथे दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पोटासाठी आलेला कामगार आणि तलवारीच्या धाकाने नेलेला बंदिवान एक नव्हेत. साम्य दाखवताना हा फरक झाकू नये. दुसरे, ‘नगराचे हित पाहा’ याचा अर्थ मुकाट्याने सोसा असा कोणी करील तर तो यिर्मयाचा अवमान होय. शेजाऱ्याकडून फुकट राबवून घेऊन वाडा बांधणाऱ्या यहोयाकीम राजाला त्यानेच धिक्कारले (२२:१३), आणि बाबेलाच्या न्यायाविषयीची वचनेही त्याच्याच ग्रंथाच्या शेवटी आहेत.

मग आजाऱ्याच्या उशाशी हे वचन वाचूच नये काय? अवश्य वाचावे. पण त्याला एकट्याला दिलेली हमी म्हणून ते वाचू नये. देवाने आपल्या लोकांना धरून ठेवले आहे आणि तू त्या लोकांपैकी आहेस, असे सांगून वाचावे. रोग बरा झाला नाही तरी असे सांत्वन खोटे ठरत नाही. कॅलेंडरातील वचन मात्र त्या दिवशी रोग्याला अधिकच एकटे पाडते; हे आपल्यापैकी अनेक पाळकांनी पाहिले असेल.

संदेष्ट्यापासून घ्यावयाचा पहिला बोध हा की, त्याचे वचन जसेच्या तसे पोहोचवावे. त्यातील सत्तर वर्षे कापून दोन करू नयेत. पुढील रविवारी अकरावे वचन निवडण्यापूर्वी पाळकाने व धर्मशिक्षकाने चौथ्यापासून चौदाव्यापर्यंतचा भाग मंडळीपुढे मोठ्याने वाचावा, आणि मग आपल्या गावाचे नाव घेऊन प्रार्थना करावी.