मूळ नसलेले चित्र : जपानी काष्ठमुद्रणातील कर्तृत्वाचा प्रश्न

जपानी काष्ठमुद्रणासंबंधी लिहिताना समीक्षक बहुधा चित्रकाराच्या नावाने आरंभ करतात आणि त्याच नावाने शेवट करतात. हारुनोबूच्या तरुणी, उतामारोचे मुखवटे, होकुसाईची लाट, हिरोशिगेचा पाऊस ही पदे इतकी रूढ झाली आहेत की, त्यांतील षष्ठी विभक्ती नेमका कोणता संबंध दर्शविते, याचा विचार सहसा होत नाही. होकुसाईने त्या लाटेची फळी कोरली नाही, तिला रंग लावला नाही, आणि ती कागदावर उतरविलीही नाही. मग 'होकुसाईची लाट' या शब्दसंहतीचा अर्थ काय समजावयाचा? हा केवळ शब्दच्छल नव्हे. या षष्ठीचा अर्थ निश्चित केल्याखेरीज या कलेतील गुण कोणाच्या पदरी घालावयाचे, आणि मुळात चित्रात पाहावयाचे काय, हेही निश्चित होत नाही.

'उकियो-ए' या नावाचाच इतिहास येथे उद्बोधक आहे. 'उकियो' हा शब्द पूर्वी दुःखमय संसार या बौद्ध अर्थाने योजला जात असे. सतराव्या शतकात उच्चार तोच ठेवून त्याचे पहिले चित्राक्षर बदलले, आणि 'तरंगते जग' असा नवा अर्थ रूढ झाला. रंगभूमी, गणिकांची वस्ती, ऋतूंचे सोहळे यांत रमणारे एदो नगरीचे क्षणिक जग ते हेच. अशा जगाची चित्रे स्वस्त, विपुल आणि नित्य नवी असणे क्रमप्राप्त होते. म्हणजे ही कला जन्मतःच नागर व्यापाराचे अपत्य होती, आणि तिच्या निर्मितीची व्यवस्थाही तशीच होती. प्रकाशक विषय ठरवी, भांडवल घाली आणि राजसत्तेपुढे उत्तरदायी राही. चित्रकार आराखडा काढी. कोरणारा फळ्या सिद्ध करी. छापणारा प्रती काढी. प्रकाशकाची जोखीम नाममात्र नव्हती. उतामारो आणि शाराकू यांची चित्रे प्रसिद्ध करणाऱ्या त्सुताया जूझाबुरोला १७९१ साली निषिद्ध ठरलेल्या पुस्तकांपायी आपली निम्मी मालमत्ता गमवावी लागली.

आता प्रत्यक्ष प्रक्रियेकडे वळले म्हणजे कर्तृत्वाचा प्रश्न अधिक तीव्र होतो. चित्रकार पातळ कागदावर काळ्या शाईने रेषांकन करी. तो कागद रानचेरीच्या फळीवर पालथा चिकटविला जाई आणि कोरणारा त्याच्यासह लाकूड कापीत जाई. रेषाफलक तयार होई, तेव्हा चित्रकाराच्या हातचा कागद नष्ट झालेला असे. त्या फलकावरून काढलेल्या काळ्या प्रतींवर चित्रकार रंगांच्या जागा दाखवी आणि त्यांनुसार प्रत्येक रंगासाठी निराळा फलक कोरला जाई. म्हणून 'मूळ चित्र' आणि 'त्याची छापील नक्कल' ही जोडी येथे लागूच पडत नाही. मराठीत 'छापील चित्र' म्हणताच मन नकलेकडे धावते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेने लावलेली ही सवय आहे. जपानी ठशाचे रसग्रहण करताना ती प्रथम सोडली पाहिजे. येथे छापली गेलेली प्रत हेच चित्र होय.

कोरणाऱ्याचे काम केवळ अनुकरणाचे होते, असेही म्हणता येत नाही. कुंचल्याची रेषा एका ओघात उमटते; लाकडात तीच रेषा दोन्ही बाजूंनी कापून शिल्लक ठेवावी लागते. कुंचल्याचा वेग पटाशीच्या संथ गतीने पुन्हा निर्माण करावयाचा, हा या हस्तव्यवसायातील खरा पेच आहे. चेहरा आणि कपाळावरील केसांच्या मुळांच्या अतिसूक्ष्म रेषा अनुभवी कारागिराकडे असत, तर वस्त्रे व इतर भाग त्याच्या हाताखालच्यांकडे जात. खुद्द होकुसाई तरुणपणी हे कोरीव काम शिकला होता. १८३६ च्या सुमारास त्याने आपल्या प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात एगावा तोमेकिची या कोरणाऱ्याची मागणी केली आहे, आणि इतर कारागीर आपल्या आकृतींना उतागावा घराण्याच्या धाटणीची नाके देतात, अशी तक्रारही केली आहे. या तक्रारीचा पुरावा म्हणून मोठा उपयोग आहे. चित्रकाराच्या डोळ्यांदेखत त्याच्या पात्रांचे नाक बदलत असेल, तर रेषेवरून चित्रकाराचा स्वभाव सांगणाऱ्या समीक्षकाने अंमळ सावध राहिलेले बरे.

छापणाऱ्याचा अधिकार याहूनही व्यापक आहे. या मुद्रणात यंत्र नाही. फळीवर पाण्यात कालविलेला रंग आणि तांदळाची खळ कुंचीने पसरतात. सरस व तुरटी यांचा हात दिलेला, ओलसर केलेला कोझोच्या सालीचा कागद तीवर ठेवतात. आणि बांबूच्या आवरणात गुंडाळलेली 'बारेन' नावाची चकती पाठीमागून घासतात. फळीवर कोरलेल्या 'केन्तो' नामक दोन खुणांत कागदाची कड बसवीत गेल्याने दहा किंवा त्याहून अधिक रंग एकमेकांच्या जागी नेमके येतात. रोजच्या जपानी भाषेत 'केन्तो' म्हणजे अंदाज. छापणाऱ्याची सारी विद्या या एका शब्दात सामावली आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. कागद किती ओला, दाब किती, खळ किती, हे सारे अंदाजाचेच काम. 'बोकाशी' म्हणजे गडद रंग क्रमाने फिका करीत नेण्याची रीत. तिच्यासाठी लाकडात बहुधा काहीच कोरलेले नसते. ती प्रत्येक प्रतीसाठी फळीवर हाताने नव्याने साधावी लागते. हिरोशिगेच्या आकाशातील सायंकाळ बव्हंशी या रीतीची देणगी आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण होकुसाईच्याच 'फूजी पर्वताची छत्तीस दृश्ये' या मालिकेत सापडते. १८३० च्या आगेमागे निशिमुराया योहाची याने ती प्रकाशात आणण्यास आरंभ केला आणि तिची चित्रे अखेर ४६ झाली. त्यांतील एक चित्र 'लाल फूजी' या नावाने जगभर ओळखले जाते. हे नाव लोकांनी दिलेले आहे. चित्रावरील शीर्षक केवळ सौम्य वारा आणि निरभ्र प्रभात सुचविते. आरंभीच्या ज्या मोजक्या प्रती उरल्या आहेत, त्यांत पर्वत लाल नसून फिकट गुलाबी आहे, आणि आकाशाचा निळा रंगही हलका व असमान आहे. गडद तांबडा पर्वत नंतरच्या छपाईत दृढ झाला. तेव्हा या लालीत होकुसाईचे धैर्य पाहणारी समीक्षा नेमकी कोणाची स्तुती करीत असते? 'लाटे'च्या बाबतीतही हाच अनुभव येतो. फळी झिजत गेली तशी उत्तरकालीन प्रतींत शीर्षकाच्या चौकटीची रेषा तुटलेली दिसते. म्हणजे एकाच नावाखाली अनेक चित्रे नांदत आहेत.

यावर असा आक्षेप संभवतो की, कल्पना चित्रकाराची असल्याने कृतीही त्याचीच मानावी. संगीताचा दाखला येथे सहज सुचतो : बंदिश रचणारा एक आणि गाणारा दुसरा. परंतु हा दाखला अर्ध्यापर्यंतच साथ देतो. ख्यालगायकाकडून विस्ताराची अपेक्षा असते. छापणाऱ्याकडून शंभराव्या प्रतीतही पहिल्या प्रतीचीच अपेक्षा असते. त्याचे कौशल्य आपले अस्तित्व लपविण्यात आहे, आणि म्हणूनच समीक्षेला ते दिसत नाही. मात्र ते नेहमीच अनाम होते असे नाही. १७६५ साली रसिकांच्या मंडळांत देवघेवीसाठी ज्या चित्रमय दिनदर्शिका निघाल्या, त्यांतून बहुरंगी 'निशिकि-ए' म्हणजे किनखापी चित्र उदयास आले. हारुनोबूच्या त्या वर्षीच्या काही ठशांवर कोरणारा आणि छापणारा यांचीही नावे आढळतात. बाजारासाठी निघालेल्या आवृत्त्यांतून ती गळाली. अनामिकता हा या कलेचा स्वभाव नव्हे. ती व्यापाराची सोय होती.

विसाव्या शतकात जपानी कलावंतांनी या प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे दिली. १९०४ साली यामामोतो कानाए याने 'कोळी' हे चित्र स्वतः रेखाटून, स्वतः कोरून आणि स्वतः छापून काढले. त्यातून 'सोसाकु-हांगा' म्हणजे सर्जनशील मुद्राचित्रांची चळवळ उभी राहिली. याउलट वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाने 'शिन-हांगा'च्या द्वारे जुनी श्रमविभागणी पुनरुज्जीवित केली, आणि बारेनचे वळसे कागदावर मुद्दाम दिसू देऊन छापणाऱ्याचा हात प्रेक्षकाच्या दृष्टीस आणला. पहिल्या पक्षाने षष्ठीतील संदिग्धता मिटविली खरी. पण ती तीन व्यक्तींची एक व्यक्ती करून. एकहाती कर्तृत्वाचीच प्रतिष्ठा त्याने मान्य केली. मुनाकाता शिको याने १९४२ पासून 'हांगा' या शब्दातील मुद्रावाचक अक्षराऐवजी फळीवाचक अक्षर योजण्यास आरंभ केला, तेव्हा त्याने एक तिसराच कर्ता पुढे केला : लाकूड. १९५६ साली व्हेनिस येथे त्याला मुद्राचित्रांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. परंतु त्या एका अक्षरातील विचार समीक्षेने अद्याप पुरेसा पचविलेला नाही.

मग 'होकुसाईची लाट' या पदाचा त्याग करावा काय? तशी आवश्यकता नाही. षष्ठी केवळ कर्त्याचीच असते असे नाही; ती उगमाचीही असते. नदीला उगमाचे नाव दिल्याने वाटेत मिळालेल्या प्रवाहांचे पाणी नाहीसे होत नाही. मात्र समीक्षकाने चित्राविषयी विधान करताना ते रचनेविषयी आहे, रेषेविषयी आहे की रंगाविषयी, हे स्पष्ट केले पाहिजे; आणि रंगाविषयी असेल, तर ते कोणत्या प्रतीवरून केले आहे, हेही सांगितले पाहिजे. २०२४ साली ही लाट जपानच्या एक हजार येनच्या नोटेवर आली. तेथे रचना शाबूत आहे. लाकूड, ओला कागद आणि बारेन यांची खूण नाही. लाट पाहिली म्हणजे ठसा पाहिला, हा समज त्यामुळे अधिकच बळावेल. तोक्योत आजही जुन्या रीतीने फळ्या कोरणारे व छापणारे कारागीर आहेत, पण ते थोडे आहेत. ज्या गुणांना समीक्षेत नाव नाही, ते गुण शिकविण्यास व शिकण्यास फार काळ कोणी उरत नाही. म्हणून या षष्ठीचा अर्थ लावणे हे व्याकरणाइतकेच कलेच्या जतनाचेही कार्य आहे.