रंगाखालची संहिता

जुन्या छापील ग्रंथाच्या पानांवर रंग चढवावयाचा, मोजकेच शब्द उघडे ठेवावयाचे आणि त्यांतून नवी कविता घडवावयाची, या दृश्यकाव्यप्रकारातील सर्वांत प्रसिद्ध कृती म्हणजे इंग्रज चित्रकार टॉम फिलिप्स (१९३७-२०२२) यांचा 'अ ह्यूमुमेंट' हा ग्रंथ होय. १९६६ साली लंडनच्या पेकहॅम राय भागातील जुन्या सामानाच्या एका वखारीत फिलिप्स यांनी अवघ्या तीन पेन्सना एक विस्मृत कादंबरी विकत घेतली. डब्ल्यू. एच. मॅलॉक यांची ती 'अ ह्यूमन डॉक्युमेंट' (१८९२). पान दुमडताच नावातील मधली अक्षरे लुप्त झाली आणि नव्या ग्रंथाचे नामकरण झाले. १९८० साली त्याची ग्रंथबाजारातील पहिली आवृत्ती निघाली. पुढे आवृत्तीगणिक काही पाने नव्याने रंगविली गेली. २०१६च्या सहाव्या व अंतिम आवृत्तीपर्यंत एकही पान पूर्वीचे राहिले नव्हते.

संहितेच्या अभ्यासकास हा उद्योग प्रथमदर्शनी ग्रंथद्रोह वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाही. फिलिप्स यांनी स्वतःवर कठोर बंधने घालून घेतली आहेत. पानावरील शब्द ते जागचा हलवीत नाहीत, बाहेरचा शब्द आणीत नाहीत. एका शब्दाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या पांढऱ्या वाटाही छापील शब्दांमधल्या मोकळ्या जागांतूनच वळणे घेतात. प्रक्षेप करणारा आपला हात लपवितो. येथे हात पानभर दिसतो.

या बंधनातूनच ग्रंथाचा नायक जन्मास आला आहे. त्याचे नाव बिल टोज. 'टुगेदर' या इंग्रजी शब्दाच्या पहिल्या चार अक्षरांत 'टोज' दडलेला आहे. म्हणून मूळ पानावर 'टुगेदर' किंवा 'ऑल्टुगेदर' हे शब्द असतील तेथेच तो अवतरतो, एरवी नाही. 'एकत्र' या अर्थाच्या शब्दातून प्रेमासाठी झुरणारा एकाकी मनुष्य निघावा, ही कल्पना आम्हांस संपूर्ण ग्रंथातील सर्वोत्तम वाटते. मॅलॉक यांची कथा उच्चभ्रू समाजातील प्रेमाची. टोज मात्र कोणत्याही कुलाचा वारस नाही. तो एका शब्दाचा तुकडा आहे.

परंतु आमचा एक आक्षेप आहे. मॅलॉक (१८४९-१९२३) हे केवळ विस्मृत कादंबरीकार नव्हते. सामाजिक समतेच्या कल्पनेचे खंडन करणारा ग्रंथ त्यांनी १८८२ साली लिहिला आणि श्रेष्ठ वर्गाच्या नेतृत्वाचा पुरस्कार ते पुढेही करीत राहिले. अशा लेखकाचेच शब्द वापरून त्याला न सुचलेले बोलावयास लावणे, यात न्याय आहे हे आम्हांस मान्य आहे. मात्र जेथे रंग अपारदर्शक होतो, तेथे मॅलॉक यांच्या वाक्यांबरोबर त्यांच्या विचारसरणीचा पुरावाही झाकला जातो. पालि ग्रंथांत पुनरुक्त मजकूर गाळून 'पे' अशी खूण करतात. त्या पेय्यालातील गाळलेला भाग वाचकास आधीच्या परिच्छेदावरून पुन्हा भरता येतो. येथे तशी सोय नाही. लेखक काय म्हणत होता हे कळल्यावाचून त्याचा पराभव किती मोठा झाला हे तरी कसे कळावे?

म्हणूनच ज्या पानांवर रंग पातळ आहे आणि त्याखालून छापील ओळी पुसट का होईना वाचता येतात, ती पाने आम्ही श्रेष्ठ मानतो. तेथे दोन लेखक एकाच वेळी बोलतात आणि वाचकास त्यांच्यात निवाडा करावा लागतो. काही पानांत चित्राचा थाट इतका वाढला आहे की शब्द केवळ नक्षीपुरते उरले आहेत. ती डोळ्यास सुखद आहेत, पण काव्य म्हणून दुर्बल आहेत. हे ज्यास तपासावयाचे असेल त्याने १९८० आणि २०१६ या दोन्ही आवृत्त्यांतील तीच तीच पाने शेजारी ठेवून पाहावीत, आणि मिळाल्यास मॅलॉक यांची मूळ कादंबरीही.