टॅब्लेट लॅपटॉपची जागा घेईल काय?

हलक्या लॅपटॉपची जागा मोठा टॅब्लेट घेऊ शकतो, हा दावा आता जुना झाला. मायक्रोसॉफ्टने २०१४ साली सरफेस प्रो ३ हे यंत्र याच दाव्यासह बाजारात आणले, ॲपलचा १२.९ इंची आयपॅड प्रो २०१५ साली आला. तेव्हापासून प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तीच चर्चा होते, आणि अकरावीतला विद्यार्थी किंवा त्याचे शिक्षक यांना दोहोंपैकी एकच काहीतरी घेणे परवडत असते. म्हणून हा दावा नीट तपासायला हवा.

प्रथम वजन पाहू. २०२४ सालचा १३ इंची आयपॅड प्रो सुमारे ५८० ग्रॅमचा आहे, १३ इंची मॅकबुक एअर १.२४ किलोग्रॅमचा. फरक निम्म्याहून अधिक! परंतु लिहिण्यासाठी कळफलक जोडायचा, तर ॲपलचा स्वतःचा कळफलकच सुमारे साडेसहाशे ग्रॅमचा, म्हणजे टॅब्लेटपेक्षा जड आहे. बेरीज लॅपटॉपइतकीच होते. हा योगायोग नव्हे. लॅपटॉपची बॅटरी आणि मुख्य परिपथ खालच्या भागात असतात, पडदा त्या मानाने हलका असतो. त्यामुळे गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली रेषा पायाच्या आतच पडते. टॅब्लेटमध्ये सारे वस्तुमान पडद्यामागे. तो तिरका उभा केला, की स्वतःच्याच वजनाच्या आघूर्णाने मागे कलंडू पाहतो. मग एक तर पाया जड करायचा, नाहीतर मागे टेकू द्यायचा. ॲपलने पहिला मार्ग धरला, मायक्रोसॉफ्टने दुसरा. टेकू टेबलावर उत्तम चालतो. एसटीच्या बाकावर मांडीवर ठेवून लिहून पाहावे, म्हणजे त्याची मर्यादा कळते. (पुठ्ठा, चिकटपट्टी आणि काही नाणी घेतली, तर हा सारा प्रकार वर्गात दाखवता येतो.)

किमतीचा हिशेब तर याहून सोपा आहे. हा आयपॅड भारतात आला तेव्हा कळफलकाशिवाय १,२९,९०० रुपयांना होता. त्याच एम४ चिपचा मॅकबुक एअर २०२५ साली ९९,९०० रुपयांना आला.

तरीही टॅब्लेट टाकाऊ ठरत नाही. बेंझीनचे वलय किंवा किरणाकृती काढायची, समीकरणाच्या पायऱ्या लिहायच्या, विद्यार्थ्याच्या उत्तरात तिथल्या तिथे खूण करायची, तर लेखणीला कळफलक पर्याय नाही. शोधनिबंध वाचायला मी स्वतः टॅब्लेटच घेतो. शिवाय त्यात त्वरणमापक आणि भ्रमणदर्शक असतात, जे लॅपटॉपमध्ये सहसा वापरायला मिळत नाहीत. जर्मनीतील आखेन विद्यापीठाने २०१६ साली फायफॉक्स हे मोफत ॲप तयार केले. ते घालून टॅब्लेट दोरीने टांगला, की लंबकाचा आवर्तकाल पडद्यावर आलेखासह दिसतो. दोरी मात्र मजबूत असावी.

पण माझा मुख्य आक्षेप वजनाचा नाही, किमतीचाही नाही. वर आले आहे, की दोन्ही यंत्रांत चिप एकच, एम४. गणनाशक्ती सारखीच असताना एकावर जे करता येते ते दुसऱ्यावर का येत नाही? उत्तर प्रणालीत आहे. लॅपटॉपवर कोणती आज्ञावली चालवायची हे मालक ठरवतो. आयपॅडवर ते बहुतांशी ॲपल ठरवते. अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांत मुले आर्डुइनो हाताळतात. तिचे संगणकावर बसवायचे अधिकृत साधन विंडोज, मॅक आणि लिनक्ससाठी आहे, आयपॅडसाठी नाही. लाखाच्या घरातला आयपॅड घेतलेला विद्यार्थी इथे शाळेच्या जुन्या डेस्कटॉपपुढे जाऊन बसणार. सरफेसवर पूर्ण विंडोज चालत असल्याने त्याला हा दोष लागू नाही, म्हणजे अडचण टॅब्लेटच्या आकारात नाही हेही दिसते.

इथे ॲलन के यांची आठवण होते. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत असताना १९७२ साली त्यांनी डायनाबुक या यंत्राची कल्पना मांडली: वहीच्या आकाराचे, दोन किलोपेक्षा हलके, सपाट पडद्याचे, आणि मुलांसाठी. बाह्य वर्णन पाहता आजचा टॅब्लेट म्हणजे डायनाबुकच. मात्र के यांच्या लेखी मूल त्यावर केवळ वाचणार नव्हते, स्वतःच्या आज्ञावली लिहिणार होते. के यांच्याच परंपरेतल्या स्क्वीक प्रणालीत स्क्रॅच ही मुलांची भाषा प्रथम तयार झाली. आणि स्क्रॅचमधले मुलांचे प्रकल्प दाखवणारे एक ॲप ॲपलने २०१० साली आपल्या दुकानातून काढून टाकले!

त्यानंतर बरेच सैल झाले, हे नोंदवायला हवे. स्क्रॅचची २०१९ सालची आवृत्ती टॅब्लेटच्या ब्राउझरवर चालते. स्विफ्ट प्लेग्राउंड्समध्ये २०२१ पासून आयपॅडवरच छोटी ॲप लिहून दुकानात पाठवता येतात. २०२५ साली आयपॅडवर लॅपटॉपसारख्या हलत्या, लहानमोठ्या करता येणाऱ्या खिडक्याही आल्या. मात्र आयपॅडची ॲप व्यावसायिक रीतीने ज्यावर लिहिली जातात, ते ॲपलचे एक्सकोड हे साधन मॅकवरच चालते. टॅब्लेटसाठीची आज्ञावली लिहिणाऱ्याला ॲपलच लॅपटॉप घ्यायला सांगते.