तेरच्या मूर्ती आणि छायाचित्राची साक्ष

वस्तुसंग्रहालयात गेलेल्या प्रेक्षकाने कलाकृतींची छायाचित्रे घ्यावीत की न घ्यावीत, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा शिस्तीचा म्हणून मांडला जातो. भिंतीवर फलक लावला, पहारेकऱ्याने हटकले, म्हणजे तो निकालात निघाला असे समजतात. वस्तुतः तो कलासमीक्षेचा प्रश्न आहे. छायाचित्र कलाकृतीविषयी कशाची साक्ष देते आणि कशाविषयी मौन पाळते, याचा विचार केल्यावाचून परवानगी व मनाई या दोहोंनाही अर्थ येत नाही. या विचाराला तुळजापूरच्या परिसराइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. कारण येथे देवतेची तसबीर आणि उत्खनित मूर्तीचे छायाचित्र हे दोन्ही प्रकार अर्ध्या दिवसाच्या अंतरात एकत्र पाहावयास मिळतात.

तुळजाभवानीची मूर्ती गंडकी शिळेची, अष्टभुजा, महिषासुरमर्दिनीच्या रूपातील आहे. भाविकाला ती दिसते ती वस्त्रालंकारांनी झाकलेली, मळवट भरलेली. महाद्वाराजवळच्या दुकानांतून तो जी तसबीर घरी नेतो तीतही तेच रूप असते. हातांतील आयुधे कोणती, महिषाचे मस्तक कोणत्या बाजूस, याची माहिती त्या तसबिरीकडून कोणी मागत नाही, आणि ती मिळाली नाही म्हणून कोणाची तक्रारही नसते. देवघरात ठेवल्यावर ती तसबीर मूर्तीची नोंद राहत नाही. तीच देवी होते. हा व्यवहार आपल्या जागी पूर्णपणे सुसंगत आहे. घोटाळा होतो तो हीच दृष्टी घेऊन अभ्यासक वस्तुसंग्रहालयात शिरतो तेव्हा. तो काचपेटीसमोर उभा राहतो, समोरून एक छायाचित्र घेतो आणि पुढे सरकतो. असले छायाचित्र म्हणजे घाईत घेतलेले दर्शनच होय. आणि दर्शन नेहमी समोरूनच घ्यावयाचे असते.

तेर येथील संग्रहालयात या सवयीची उणीव प्रकर्षाने जाणवते. तेरणा नदीच्या काठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर, हे फ्लीट यांनी 1901 मध्ये प्रतिपादिले. कझिन्स यांनी पुरातत्त्व खात्याच्या 1902-03 च्या अहवालात तेथील अवशेषांचे वर्णन केले, आणि 1958 मध्ये चापेकरांनी तेथे उत्खनन केले. परंतु संग्रहालयाचा पाया घातला तो रामलिंगप्पा लामतुरे यांनी. पांढरीच्या टेकाडांतून गावकऱ्यांच्या हाती येणाऱ्या वस्तू त्यांनी जमविल्या नसत्या, तर त्यांतील कितीतरी परत मातीतच गेल्या असत्या. या संग्रहात सातवाहनकालीन मृण्मूर्ती आहेत. त्यांपैकी पुष्कळ पांढऱ्या केओलीन मातीच्या असून दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत. दुहेरी साचा म्हणजे पुढची बाजू एका साच्यात आणि मागची दुसऱ्यात दाबून दोन्ही अर्धुके जोडावयाची. ज्या कारागिराने पाठीसाठी वेगळा साचा कोरला, त्याला पाठ पाहिली जावी असे वाटत होते हे उघड आहे. केशरचना, जोडाची रेघ, मातीचे पातळ कवच यांपैकी काहीही समोरून घेतलेल्या छायाचित्रात येत नाही. गोरोबा कुंभारांच्या गावी तरी मातीच्या कामाकडे एवढे अर्धवट पाहिले जाऊ नये.

या साच्यांमुळे एका प्रसिद्ध सिद्धान्तालाही तपासून घ्यावे लागते. यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे एकमेवत्व, तिच्याभोवतीचे तेजोवलय नष्ट होते, असे वाल्टर बेन्यामिन यांनी 1936 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात मांडले. अजिंठ्याच्या भित्तिचित्राला हा विचार लागू पडेल. तेरच्या मृण्मूर्ती मात्र जन्मतःच प्रती आहेत; एका साच्यातून अनेक निघाव्यात म्हणूनच तो साचा. (नाणी व साचे बेन्यामिन यांना ठाऊक होते, पण त्यांचा भर छायाचित्र व चित्रपट यांवर आहे.) तेव्हा तेरच्या मूर्तीचे छायाचित्र घेतल्याने तिचे पावित्र्य भंगते हा आक्षेप टिकत नाही. टिकतो तो निराळाच आक्षेप : साचा मूर्तीचे आकारमान, घनता आणि पाठ राखून प्रत काढतो, छायाचित्र या तिन्हींचा त्याग करून काढते.

त्याची किंमत कळावी यासाठी तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे उदाहरण पुरेसे आहे. 1938 मध्ये पॉम्पेई येथे एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ते नगर इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झाले असल्यामुळे तिच्या काळाची उत्तरमर्यादा निश्चित आहे. तेर आणि भोकरदन येथील हस्तिदंती मूर्तींशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखविले, आणि दख्खनच्या रोमशी असलेल्या व्यापाराच्या चर्चेत ते साम्य महत्त्वाचा पुरावा ठरले. परंतु एक मूर्ती नेपल्सला आणि दुसरी तेरला. दोन्ही हातांत घेऊन पाहण्याची संधी फार थोड्यांना मिळणार. बाकीच्यांची तुलना छापील चित्रांवरच चालते. लहानमोठ्या दोन मूर्ती एकाच उंचीच्या करून शेजारी छापता येतात, आणि मग साम्य आहे त्याहून अधिक भासते. आन्द्रे मालरो यांनी 1947 मध्ये ज्या काल्पनिक वस्तुसंग्रहालयाचा गौरव केला, त्यातील हा धोका त्यांनाही दिसला होता. शिवाय पॉम्पेईच्या मूर्तीचा उपयोग काय, आरशाची मूठ की लहान चौरंगाचा पाया, या वादाचा एक महत्त्वाचा दुवा तिच्या डोक्यात वरून पाडलेले छिद्र हा आहे. समोरून घेतलेल्या चित्रात ते दिसतच नाही!

छायाचित्रणाने स्मृती दुबळी होते काय, याविषयी मानसशास्त्राचा पुरावा एकमुखी नाही. लिंडा हेंकेल यांच्या 2014 च्या प्रयोगांत वस्तूंची छायाचित्रे घेणाऱ्यांना त्या वस्तू कमी आठवल्या. मात्र वस्तूचा एखादा भाग जवळून टिपणाऱ्यांची स्मृती उणावली नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, काय टिपावे हे स्वतः ठरविणाऱ्यांची दृश्यस्मृती वाढली व कानांनी ऐकलेले कमी लक्षात राहिले. दोन्हींचा मथितार्थ विरोधी नाही. निवड करावी लागली की डोळा काम करतो.

संपूर्ण मनाई हा तर उपायच नव्हे. रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या अजिंठ्याच्या चित्रप्रतींपैकी बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. मुळांची झीज पाहता अशा नोंदी किती असल्या तरी थोड्याच. 2018 मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने आपल्या स्मारकांतील छायाचित्रणावरील बंदी उठविताना अजिंठ्याची लेणी वगळली. रंगांच्या नाजुकपणामुळे तो अपवाद समजण्यासारखा आहे. भाजलेल्या मातीला आणि दगडाला ते कारण लागू नाही. हस्तिदंताला तीव्र प्रकाश व उष्णता बाधते, म्हणून झोतदिवा वर्ज्य करणे पुरेसे. ग्रामीण भागातील विद्यार्थ्याला नेपल्सच्या मूर्तीची उत्तम चित्रे मोबाईलवर घरबसल्या मिळावीत आणि तेरच्या मूर्तीचे काचेवरील चकाकीने डागाळलेले चित्रही पहारेकऱ्याची नजर चुकवून घ्यावे लागावे, अशी वेळ ज्या संग्रहालयात येईल तेथे नियम अभ्यासाच्या आड आला असेच म्हणावे लागेल.

विद्यार्थ्याच्या बाजूनेही दोन गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत : चित्रात मोजपट्टी असावी, आणि मूर्तीपुढे वहीत एक रेखाटन करून मगच कॅमेरा काढावा. रेखाटताना न समजलेली रेघ लपविता येत नाही. संग्रहालयाकडून अपेक्षा त्याहूनही अल्प खर्चाची आहे. दुहेरी साच्याच्या मृण्मूर्ती भिंतीला टेकवून न ठेवता काचपेटीत थोड्या पुढे घ्याव्यात आणि मागे एक साधा आरसा बसवावा.